खोडरबर

पर्वरीच्या त्या इमारतीत सव्वीस वर्षं
माझ्याकडे दोनच हत्यारं होती,
एक स्क्रू-ड्रायव्हर, एक खोडरबर.

स्क्रू-ड्रायव्हर पाट्यांसाठी.
सरकार पडलं की संध्याकाळी हाक यायची, 'सगुण, पाटी!'
चार स्क्रू काढायचे, चार पिळायचे.
एका पावसाळ्यात तीनदा बदलल्या.
भोकं इतकी सैल झाली
की तिसऱ्या मंत्र्याचं नाव
आगपेटीची काडी खुपसून बसवलं.

खोडरबराचं काम कुठल्या आदेशात नव्हतं.
फाइल यायची. तिच्यावर हिरवी शाई, निळी शाई,
गोल शिक्का, तारीख,
आणि डाव्या समासात, अगदी खाली, मुंगीएवढी
पेन्सिलीची खूण.
बरोबरची, नाहीतर फुलीची.
सगळ्या शाया तिच्या मागून चालत यायच्या,
लग्नात नवरदेवामागून यावं तशा.
सह्या झाल्या की खूण मी पुसायची.

कुणाची, म्हणून पहिल्याच आठवड्यात विचारलं.
परेराबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
'वरून आलीय.'

वर म्हणजे कुठे?
एकदा जेवणाच्या सुट्टीत जिना चढत गेलो.
सचिव, त्यांच्यावर मंत्री,
मंत्र्यांवर गच्ची.
गच्चीत पाण्याच्या टाक्या, वाळत टाकलेलं फडकं,
दोन कावळे,
आणि पलीकडे मांडवीत
कॅसिनोच्या बोटी भर दुपारी झोपलेल्या.

ड्रायव्हर मिंगेल म्हणायचा, तो कुणी खाणवाला.
परेराबाईंना वाटे, दिल्लीचा.
कॅन्टीनमधला उमाकांत कप विसळत म्हणाला,
असा कुणी नाहीच रे,
जो तो दुसऱ्याच्या धाकानं आपणच खूण करतो.
त्या रात्री मला झोप लागली नाही.
नाव माझं सगुण,
आणि चाकरी केली ती निर्गुणाची.

माझा बाप गावच्या खाजनात मानशीवर राखणीला होता.
भरतीला दार मिटायचं, ओहोटीला उघडायचं,
कुणी हात न लावता.
कोण ढकलतं, विचारलं तर
बाप विडी धरलेला हात वर करायचा. चंद्र.
चंद्रालाही कुणी मत दिलं नव्हतं.
पण तो दिसायचा.
आणि नाही दिसला तर का नाही,
ते पंचांगात छापलेलं असायचं.

शिमग्याच्या आधी एक फाइल आली.
सर्व्हे नंबर वाचला आणि खाली बसलो.
आमचंच खाजन.
आत ग्रामसभेचा ठराव, विरोध, एकमतानं,
दोनशे बारा हात,
त्यातला एक माझा. रविवार होता, गेलो होतो.
पिएदादमावशी तर दोन्ही हात वर करून उभी होती,
सरपंचानं एकच मोजला.
ठरावावर टिप्पणी : लोकभावनेचा पूर्ण आदर राखून.
तिच्याखाली : मान्य.
आणि समासात ती. बरोबरची.

साहेब गेले. पंखा बंद केला, चुरा उडू नये म्हणून.
डाव्या बोटाच्या नखाशी
जिल्हा पंचायतीच्या मतदानाची शाई अजून होती,
लिंबू घासलं, रॉकेल लावलं, तरी न गेलेली.
पेन्सिल दोनदा घासताच गेली.
कागद दिव्यासमोर धरला.
दाबाचा बारीक खळगा तेवढा राहिला होता,
दिसत नव्हता,
नखाला लागत होता.

फाइल खाली पाठवून दिली.
हो, मीच.

चुरा मात्र फुंकला नाही, खिशात टाकला.
रविवारी शर्ट भिजवताना
बायकोनं तो तळव्यावर घेऊन हुंगला,
म्हणाली, हे काय, मिरी?
मी म्हटलं, बघू.
आणि उंबऱ्यात उभा राहून
बराच वेळ तो बघत राहिलो.